परीच्या पुस्तकाचा पूर्वार्ध

परत आलेले पुस्तक फळीवर ठेवण्याआधी मी हुंगत असे. ग्रंथपालाच्या कामांत हे कुठे लिहिलेले नाही. ती माझी सवय होती. किराणा दुकानदाराच्या घरून आलेल्या पुस्तकाला धण्या-मिरचीचा ठसका असे, बाळंतिणीकडून आलेल्या पुस्तकात ओवा-शेपांचा धूर दडलेला असे. अंकुशनगरच्या साखर कारखान्यावर नवरा नोकरीला असलेली एक सासुरवाशीण माहेरी आली की दोन कादंबऱ्या घेऊन जाई, आणि त्या परत येत तेव्हा पानापानांतून मळीचा गोडूस, आंबलेला दर्प सुटे. पुस्तक कसे वाटले हे वाचक तोंडाने सांगतो. पण त्याने ते खरोखर किती हाताळले, चुलीजवळ बसून वाचले की गोठ्यात, हे कागद सांगतो, आणि कागदाला भिडस्तपणा नसतो.

दिवाळी अंकासाठी नोकरीतले अनुभव लिहा, असे संपादकांनी सुचवले, तेव्हा अनेक पुस्तके आठवली. लिहावेसे एकाच पुस्तकाविषयी वाटले. त्याचे नाव सांगत नाही. वाटूरच्या आमच्या वाचनालयात ते नाव कोणीच घेत नसे. सगळे त्याला ‘परीचं पुस्तक’ म्हणत.

आमचे वाचनालय फाट्यापासून हाकेच्या अंतरावर, दोन खोल्यांचे. बाहेर एसटीचे ब्रेक करकरतात, उसाच्या ट्रॉल्या हेलकावत जातात, आत जुन्या कागदाचा थंडावा. गावच्या वाचनालयात एका पुस्तकाची एकच प्रत येते, हे बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसते. अनुदान तेवढेच असते. त्यामुळे गाजलेल्या पुस्तकासाठी माणसे ताटकळतात. मोठ्या वाचनालयांतून नंबर लावून ठेवता येतो; आमच्याकडे जो आधी येईल त्याचे पुस्तक. फक्त एक दंडक होता: परत केलेले पुस्तक एक दिवस फळीवर राहिले पाहिजे, त्या दिवशी ते कोणीच न्यायचे नाही. इतरांच्या नजरेस पडावे, एवढाच त्यामागचा विचार. या साध्या दंडकाभोवती पुढचे सगळे घडले.

कादंबरी आली तेव्हा मी मुखपृष्ठावरचा निळा रंग बराच वेळ पाहत बसले होते. लेखिका जालन्याची, बँकेत नोकरी करणारी. काळ सुरुवातीच्या निजामांचा. उत्तरेकडून आलेल्या फौजेच्या तळाबरोबर काही पऱ्या या मुलखात येतात, तळ उठतो, त्या मागे राहतात आणि एका बारवेत उतरतात. त्या पायऱ्यांच्या विहिरीत आपल्या साती आसरा, म्हणजे पाण्यातल्या सात देवता, आधीपासून नांदत असतात. आधी पाण्यावरून तंटा, मग बहिणीबहिणींसारखी मैत्री. हैदराबादहून एक कारकून येतो. मुलखातल्या प्रत्येक जिवाची मोजदाद करण्याचा त्याला हुकूम असतो, आणि पऱ्यांना कोणत्या रकान्यात घालावे हे त्याला कळेना. आणि चंपा नावाची गावातली एक मुलगी पाणी भरायला पायऱ्या उतरते ती वर येत नाही. भाषा कुठेकुठे फार नटलेली होती. पण पाण्याचे वर्णन करताना या बाईंना पाणी खरेच दिसले होते, हे मला पहिल्या प्रकरणातच कळले.

पुस्तक विटेएवढे जाड, आणि हल्लीच्या पद्धतीने नुसत्या गोंदावर चिकटवलेले. चार घरे फिरून आले आणि पाठ सुटली. मी ते बशीरभाईंकडे दिले. बशीरभाई आमचे बाइंडर. त्यांच्या दुकानात शिरले की उकळलेल्या खळीचा आंबूस वास येई. कसर लागू नये म्हणून ते खळीत मोरचूद घालत, त्यामुळे त्यांची बोटे कायम निळसर दिसत. पुस्तक हातात तोलून ते म्हणाले,

“बाई, एका जिल्दीत न्हाई बसायचं हे. बसवलं तर महिन्यात पुन्हा पाठ मोडंल. दोन करू.”

“दोन? कुठून तोडणार?”

“बीच में से. जिथं धडा संपतो तिथून. काळजी करू नका, गोष्टीला धक्का न्हाई लागणार. आन् दोघं जण एकदम वाचतील, तुमचाच फायदा.”

युक्तिवाद बिनतोड होता. जाड पुस्तकांचे असे दोन भाग करण्याची आमच्याकडे पद्धतच होती. बशीरभाईंनी दोऱ्याने शिवून, कापडी पाठ लावून दोन देखणे खंड करून आणले. पाठीवर मी पांढऱ्या शाईने लिहिले: पूर्वार्ध, उत्तरार्ध. लेखिकेने असे भाग केलेले नव्हते. पण बशीरभाईंचा सुरा जिथे फिरला, तिथे पूर्वार्ध असा संपत होता: चंपा पाण्याखालच्या मुलखात पोचते, पऱ्या आणि आसरा मिळून तिची वेणी घालतात, तिला विचारतात, भूक लागली का? ती म्हणते, नाही. तहान? नाही. आणि पहिल्यांदाच ती हसते.

उत्तरार्धात ती वर येते. पण पऱ्यांच्या मुलखातले पाणी पिणाऱ्याला वरचे काही आठवत नाही. बारवेच्या काठावर तिची आई घागर घेऊन उभी असते, म्हातारी झालेली. चंपा तिच्याजवळ जाऊन विचारते, मावशी, हा रस्ता कुठे जातो?

या दोन खंडांपैकी पूर्वार्ध गिरजाकाकूंनी नेला.

गिरजाकाकू गावातल्या जुन्या शेतकरी घरातल्या. प्रौढ साक्षरतेच्या वर्गात अक्षरे शिकल्या होत्या, ओळीवर बोट ठेवून, ओठ हलवत वाचत. त्यांची मुलगी, सुनंदा, टंचाईच्या एका वर्षी गेली. टँकर विहिरीत रिकामा होतो, तेव्हा काठावर पोहऱ्यांची झुंबड उडते. त्या झुंबडीत तिचा तोल गेला. आसरांनी नेली, असे गावाने म्हटले. आमच्याकडे पाण्यात गेलेल्या माणसाविषयी तसेच म्हणतात. त्यात समजूत असते आणि सांत्वनही. काकू त्यावर काही बोलत नसत. त्या विहिरीच्या कडेला शेंदूर लावलेले सात दगड आहेत. काकू त्यांना नेमाने हळद-कुंकू वाहत.

मुदत संपण्याच्या दिवशी काकूंनी पूर्वार्ध परत आणला. मी हुंगला: शेंगदाण्याच्या कुटाचा, चुलीच्या राखेचा आणि हाताच्या घामाचा वास, शेवटच्या पानांवर सर्वांत दाट.

“पुढचा भाग इथंच आहे, काकू. देऊ का?”

“नगं. ह्येच उद्या नेते.”

दंडकाप्रमाणे पुस्तक एक दिवस फळीवर राहिले. दुसऱ्या दिवशी मी कुलूप काढायला आले तेव्हा काकू पायरीवर बसलेल्या होत्या. मग हे दर खेपेला होऊ लागले. नियम कुठेच मोडत नव्हता. फक्त पूर्वार्ध दुसऱ्या कोणाला मिळत नव्हता.

परिणाम असा झाला की गावाने कादंबरी शेवटाकडून वाचायला सुरुवात केली. वाट पाहून कंटाळलेले लोक उत्तरार्धच नेऊ लागले. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या एका तरुणाने तर मला ठामपणे सांगितले, की ही विस्मरणाचा आजार झालेल्या मुलीची वास्तववादी कथा आहे, पऱ्या हे केवळ प्रतीक. कारखान्यावरची सासुरवाशीण पुस्तक टेबलावर आदळत म्हणाली, “आईला वळखत न्हाई म्हंजे काय! असं कुठं असतं का? शेवटची चार पानं फाडून टाकावीशी वाटली मला.” पाने शाबूत होती. मळीचा वास मात्र त्या चार पानांना इतरांहून अधिक लागला होता. ती पुन्हापुन्हा उघडली गेली होती.

बशीरभाईंना मराठी वाचायला वेळ लागे, गोष्ट त्यांनी माझ्याकडून ऐकली. त्यांना शेवट बिलकुल पटला. “हमारी दादी यही बोलती थी. परियों के मुलुक का पानी पिया, की इधरचं सगळं पुसलं. लिहिणारीनं बराबर लिहिलं.”

साबळे सरांचे मत वेगळ्याच कारणाने वाईट होते. सर इतिहासाचे निवृत्त शिक्षक. त्यांना पऱ्यांविषयी काही तक्रार नव्हती.

“परी असू शकते,” ते म्हणाले. “पुरावा नाही म्हणजे ती नव्हतीच, असं म्हणता येत नाही. पण त्या कारकुनाच्या हातात काचेचा कंदील दिलाय बाईंनी. त्या काळात? या मुलखात? मशाल म्हणा, पणती म्हणा. कंदील!”

“सर, तुम्ही उत्तरार्ध तिसऱ्यांदा नेताय.”

“तपासायला नेतोय.”

आणि नानासाहेब. ते आमच्या कार्यकारिणीचे जुने सभासद, घरचे मोठे जमीनदार, आवाजही तसाच. त्यांनी पुस्तक वाचले नव्हते, त्याविषयी ऐकले होते. बैठकीत म्हणाले, “आसरा आपल्या हायेत, परी त्यांची. दोघींना एका हिरीत कशाला घातलं? हे पुस्तक काढून टाका.”

बशीरभाई त्या दिवशी बांधलेली मासिके पोचवायला आले होते. दारातूनच म्हणाले, “नाना, तुमची हीर आन् माझी हीर एकच हाय. टँकर बी एकच येतो. आता त्यांनी तरी येगळी हीर कुठून आणावी?”

नाना हसले, कारण दोघे एका वर्गात शिकलेले होते. पण मागणी त्यांनी सोडली नाही. शेवटी असे ठरले की लेखिकेलाच बोलवावे, वाचकांनी तिच्याशी समोरासमोर बोलावे, आणि मग पुस्तकाचे काय ते ठरवावे. वाचकांचे भांडण मी नेहमी शुभ मानत आले आहे. पण या बैठकीची मला एका बाजूने धास्ती होती. काकू येणार होत्या. गावात सर्वांना चंपाचा शेवट ठाऊक होता. काकूंनी तो स्वतःहून दूर ठेवला होता, आणि आता तो लिहिणारीच समोर येऊन बसणार होती.

ग्रंथपाल म्हणून मी एक पथ्य आयुष्यभर पाळले: वाचकाला शेवट सांगायचा नाही. त्या दुपारी हे पथ्य खोलीभर माणसांच्या हाती होते, आणि ती माणसे महिनोन्‌महिने त्याच शेवटावरून भांडत होती.

लेखिका आल्या. सडपातळ, थोड्या बुजऱ्या. त्यांच्या हाती पुस्तक द्यावे म्हणून काकूंकडचा पूर्वार्ध मी तेवढ्यापुरता मागून घेतला, दोन्ही खंड पुढे केले, आणि त्यांचा चेहरा उतरला.

“हे कुणी केलं?”

“मी,” बशीरभाई उभे राहिले. “दोन्ही जिल्द बघा, किती मजबूत.”

“पण इथं थांबायचं नव्हतं. ही गोष्टीतली फक्त एक पायरी आहे.”

“म्याडम, धडा तर तिथंच संपत व्हता.”

लोक हसले, हवा जरा सैलावली. नानासाहेबांनी आपला मुद्दा मांडला. लेखिकेने उत्तर दिले, की लहानपणी त्यांच्या आजोळच्या विहिरीवर दोन्ही समाजांच्या बाया पाणी भरत, आणि पाण्यात कोण राहते याच्या दोन्हीकडच्या गोष्टी त्यांनी एकाच दुपारी ऐकल्या. त्या गोष्टी वेगळ्या करणे त्यांना जमले नाही. नाना म्हणाले, “असं हाय व्हय,” आणि पाय पसरून बसले. विरोध किती खोल होता ते मला तेव्हा कळले.

मग मागच्या रांगेतून काकू उभ्या राहिल्या. पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला, हातात परत घेतलेला पूर्वार्ध.

“बाई, म्या तुमचं पुस्तक लई येळा वाचलं,” त्या म्हणाल्या. “मला एकच इचारायचंय. ती पोरगी खाली सुखात हाय ना? तिला भूक लागत न्हाई, तहान लागत न्हाई, असं तुमी लिव्हलंय. ते खरंच ना?”

लेखिकेला वाटले, यांनी सगळे वाचले आहे. त्या मायेने म्हणाल्या, “खाली ती सुखात आहे, काकू. पण शेवटी ती वर येते आणि तिची आई…”

“कंदील!”

साबळे सर उभे राहिले होते. त्यांचा आवाज वर्गात घुमावा तसा घुमला. “माफ करा, पण आधी कंदिलाचं बोला. काचेचा कंदील त्या कारकुनाच्या हातात आलाच कसा? मी केव्हापासून हे विचारायचं म्हणतोय.”

“सर, मी त्यांना…”

“नाही, आधी कंदील. हा इतिहासाचा प्रश्न आहे.”

“कंदिलाचं मलाबी खटकलं,” कारखान्यावरची सासुरवाशीण तत्काळ म्हणाली. पुस्तक तिने कधीच त्या नजरेने वाचले नव्हते. परीक्षेवाल्या तरुणाने तेल कुठले वापरत असतील असे विचारले. बशीरभाईंनी आपल्या आजोबांकडे एक कंदील होता, तो कुठून आला ते सांगायला सुरुवात केली. नानासाहेबांना काय चालले आहे ते नेमके कळले नव्हते, तरी तेही म्हणाले, “कंदिलाची चौकशी व्हायलाच पायजे.” ज्या माणसांचे या पुस्तकाच्या एका पानावरही एकमत झाले नव्हते, ती सगळी त्या कंदिलाभोवती जमली. लेखिकेने एकदा खोलीभर पाहिले, एकदा काकूंच्या हातातल्या खंडाच्या पाठीवर पाहिले. तिथली पांढरी अक्षरे त्यांनी वाचली असावीत. मग त्या शांतपणे म्हणाल्या, “माझी चूक झाली. पुढच्या आवृत्तीत मशाल करते.”

काकू खाली बसल्या.

सगळे गेल्यावर मी सतरंज्या गुंडाळत होते, तेव्हा त्या माझ्याजवळ आल्या. खोलीत चहाचा आणि माणसांचा कोमट वास होता.

“ताई, मला बी समजतं. साबळे सर एका कंदिलावर इतकं वरडत न्हाईत.”

मी हातातली सतरंजी खाली ठेवली.

“दुसरं पुस्तक द्या.”

“वाचणार आहात?”

“द्या तर.”

मी उत्तरार्ध काढून दिला. पुस्तक मागणाऱ्याला पुस्तक द्यायचे, हा या व्यवसायातला पहिला धडा आहे, आणि त्याला अपवाद करण्याचा अधिकार मला कोणी दिलेला नव्हता. पूर्वार्धाची मुदत अजून बाकी होती. दोन्ही खंड छातीशी धरून त्या फाट्याकडे गेल्या.

पुढचे दिवस मी अस्वस्थ होते असे म्हणणे अतिशयोक्ती होईल. सभासद येत होते, दैनिके लावायची होती, खिडकीतून तुरीच्या शेतांचा पिवळसर वास येत होता. पण दारावर सावली पडली की मी मान वर करत असे.

काकू आल्या त्या पूर्वार्धाच्या मुदतीच्या दिवशी. दोन्ही खंड टेबलावर ठेवले. उत्तरार्धाच्या पुठ्ठ्यावर हळदीची बोटे उमटलेली होती, कोपऱ्यावर कुंकवाचा फिकट ओघळ.

“वाचलं का, काकू?”

“म्या कशाला? ज्यांची गोष्ट त्यांच्याम्होरं नेऊन ठिवलं. हिरीवर. दिवसभर तिथंच बसून व्हते. वारा आल्ता, पानं आपली उलटत व्हती. म्हनलं, आयांनो, बघून घ्या काय लिव्हलंय ते.”

“मग?”

“त्यांना पटलं असतं तर ठिवून घेतलं असतं ना? काठावरच तर ठिवलं व्हतं, एवढ्या कडंला.” त्यांनी दोन बोटांनी कड दाखवली. “पाण्यात पडायला काय लागतं, ताई. मला ठावं हाय. पर न्हाई पडलं. म्हंजे त्यांचं न्हाई ते. घ्या तुमचं.”

वाचकांच्या प्रतिक्रिया मी पुष्कळ ऐकल्या. वाचून दिलेल्या ऐकल्या, न वाचता दिलेल्या ऐकल्या. शेवट नाकारण्याआधी त्याला इतकी रीतसर संधी दिलेली मी दुसरी पाहिली नाही.

“आणि हा पहिला भाग?” मी विचारले.

“त्याचा येक दिवस भरू द्या की. तुमचा नेम हाय ना.”

त्या गेल्यावर मी उत्तरार्ध उघडून हुंगला. वरून हळद. पाठीच्या कापडात ओल्या दगडाचा आणि शेवाळाचा गार वास. मधली पाने उन्हात तापून सुकलेली, आधीच्या वाचकांचे वास वाऱ्याने उडालेले; त्यांना बशीरभाईंच्या खळीखेरीज कसलाच वास नव्हता. चुलीचा नाही, शेंगदाण्याचा नाही, कोणाच्या बोटाचा नाही. डाग पडलेल्या पुस्तकाला नवे वेष्टन घालण्याची आमची पद्धत आहे. ते मी घातले नाही. हळद तशीच राहिली, आणि पुढे ज्याने-ज्याने तो खंड नेला, त्याच्या हाताला ती थोडी लागली असावी.

वाचनालयातून माझी निवृत्ती झाली तेव्हा फळीवर कादंबरीची नवी, अखंड प्रत आली होती. तीत म्हणे मशाल आहे. पण तो नंतरचा भाग. मला त्या मुदतीच्या दुसऱ्या दिवसाची सकाळ आठवते. रात्रभर पूर्वार्ध नियमाप्रमाणे फळीवर होता. फाट्यावर पहिली एसटी लागत होती, धुळीत डिझेल आणि कोवळ्या उन्हाचा वास मिसळला होता. मी किल्ली काढत दाराशी आले, तेव्हा काकू पायरीवर बसलेल्या होत्या.